बँडचा साउंड बदलला की चाहते नेमके कशावर चिडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जणांच्या एका मेटल बँडने आपली पहिली दोन ध्वनिमुद्रणे थ्रॅश या मेटलच्या वेगवान, आक्रमक शैलीत काढली. तिसऱ्यात मात्र गाण्यांचा वेग उतरवला, काही ठिकाणी डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला खरखरीत आवाज, काढून गिटार स्वच्छ ठेवली आणि मागे कीबोर्ड आणला. त्याबरोबर जुने श्रोते 'तुम्ही विकले गेलात' असे ऐकवू लागले. हे सगळ्यांच्याच वाट्याला येते का, ही नाराजी किती काळ टिकते आणि तिची दखल घ्यावी की ती कानाआड करावी, असे बँडच्या गिटारवादकाने विचारले आहे.

गेली सत्तावीस वर्षे मी पुण्या-मुंबईत रॉक बँडचे रेकॉर्डिंग करतो आणि कार्यक्रमांत, सगळ्या वाद्यांच्या पातळ्या जिथून सांभाळतात त्या मिक्सरमागे उभा राहतो. मिक्सर प्रेक्षकांच्या मधोमध असतो, त्यामुळे शिव्या व्यासपीठाच्या आधी माझ्यापर्यंत पोहोचतात. त्या ऐकून ऐकून माझे मत असे झाले आहे की चाहता तक्रार नीतीच्या भाषेत करतो, पण तक्रार बहुधा कानाची असते. 'विकले गेलात', 'आता तुमच्यात ती आग राहिली नाही' असे कानावर आले की बँडवाले आपल्या प्रामाणिकपणाचा खुलासा करत बसतात आणि मूळ तक्रार जागच्या जागी राहते. हे बोलणे वेगाबद्दल आहे, ट्यूनिंगबद्दल (तारा कोणत्या स्वरावर लावल्या त्याबद्दल) आहे, स्नेअर या ड्रमबद्दल आहे की गिटारींच्या मांडणीबद्दल, हे एकदा शोधून काढले की तक्रारींचे दोन ढीग आपोआप वेगळे होतात. एक काळाबरोबर विरघळणाऱ्या तक्रारींचा, दुसरा कधीच न विरघळणाऱ्या.

याला मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. बँड तोच, श्रोतृवर्ग बराचसा तोच, आणि तरीही त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या प्रकारे साउंड बदलला, त्यामुळे प्रत्येक बदलावरची प्रतिक्रिया शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

'विकले गेले' ही ओरड १९९१ साली सुरू झाली, असे बहुतेकांना वाटते. ती त्याआधीची आहे. १९८३ मध्ये पहिला अल्बम काढलेल्या या बँडने दुसऱ्याच अल्बममध्ये, म्हणजे १९८४ साली, अकूस्टिक गिटारने सुरू होणारे 'फेड टू ब्लॅक' हे संथ गाणे घेतले, आणि तेव्हाच्या कट्टर थ्रॅश श्रोत्यांनी त्यावर नाक मुरडले. आज त्याच गाण्याला जुन्या, 'खऱ्या' मेटॅलिकाचा पुरावा मानले जाते. पहिल्या ढिगातल्या तक्रारींचे पुढे काय होते ते इथे दिसते.

१९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम मी कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकला. वसतिगृहातल्या एका सीनियरने पहिली बाजू संपायच्या आत निकाल दिला होता, "ही तर आता कोणालाही आवडेल." याहून मोठी शिवी त्याच्याजवळ नव्हती. ही शिवी कशातून आली होती? आधीच्या, १९८८ च्या अल्बममध्ये नऊच गाणी होती आणि ती पासष्ट मिनिटे चालत. शीर्षकगीतच पावणेदहा मिनिटांच्या घरात. त्या दौऱ्यात हे लांबलचक गाणे वाजवताना समोरचे प्रेक्षक थकलेले, कंटाळलेले दिसत, असे बँडने पुढे सांगितले आहे. मग त्यांनी बॉब रॉक या निर्मात्याला घेतले. मॉट्ली क्रू या चकचकीत हार्ड रॉक बँडच्या १९८९ च्या अल्बमचे काम त्याने केले होते, आणि थ्रॅशवाल्यांच्या दृष्टीने एवढाच गुन्हा पुरेसा होता. रॉकने सगळ्यांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावले. तुमची सगळीच गाणी 'ई' स्वरात आहेत, हेही त्याने दाखवून दिले, आणि त्यातून 'सॅड बट ट्रू' हे गाणे एक पूर्ण स्वर खाली, 'डी'मध्ये गेले. वेगाचा फरक तर कोणालाही मोजता येतो. जुने 'मास्टर ऑफ पपेट्स' मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांवर धावते. या अल्बममधले 'एंटर सँडमन' सव्वाशेच्या आतबाहेर चालते.

आमच्या त्या सीनियरचे दुखणे यात आहे. वेगवान थ्रॅशचा श्रोता ते संगीत नुसते ऐकत नाही, त्याला ते कामाला लागते. मान हलवायला, राग काढायला, परीक्षेच्या आदल्या रात्री जागे राहायला. सव्वाशे ठोक्यांवर त्यातले एकही काम त्याच वेगाने होत नाही. जे हत्यार त्याच्या हाताला बसले होते ते बदलले, म्हणून तो चिडला, आणि 'माझ्या हाताला बसत नाही' असे म्हणण्याऐवजी 'हे विकले गेले' असे म्हणाला. दुसरीकडे ज्यांना आधीचा वेग झेपत नव्हता असे असंख्य नवे श्रोते याच अल्बमने आत आणले. तो आल्या आल्या अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढच्या काळात त्या एका देशात त्याच्या एक कोटी साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुण्यात गिटार शिकायला बसलेल्या मुलाच्या पहिल्या काही आठवड्यांत आजही याच अल्बममधल्या 'नथिंग एल्स मॅटर्स'ची सुरुवात येतेच, कारण तिथे डावा हात लागतच नाही. मोकळ्या तारा छेडायच्या. बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड एका हातात फोन धरून बोलत असताना दुसऱ्या हाताने मोकळ्या तारा छेडत होता, त्यातून ती सुचली, हा किस्सा प्रसिद्धच आहे. त्या गाण्यावर तेव्हा चिडलेले लोक मला नंतर बंगळुरूत भेटले. ३० ऑक्टोबर २०११ ला पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. त्याच्या दोनच दिवस आधीचा गुरगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाल्याने सगळेच धास्तावलेले होते. पुण्याहून आम्ही रात्रभर बसने गेलो. बसमध्ये 'पहिले चार अल्बम सोडले तर यांच्याकडे ऐकण्यासारखे काही नाही' असा वाद घालणारे दोघे जण मैदानावर याच गाण्याला गळा फाडून गात होते. वीस वर्षांत तक्रार विरघळली होती. त्यांनी मत बदलले होते असे मला वाटत नाही. दरम्यान त्या गाण्यालाही त्यांच्या आयुष्यात काही काम मिळाले होते, इतकेच.

१९९६ च्या 'लोड'ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तुमच्या बँडला सर्वांत जवळची आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. चौघांनी केस कापले, दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट आणि ड्रमर लार्स उलरिक काजळ घालून फोटोंत दिसू लागले, जुना टोकदार लोगो बदलला, आणि त्या उन्हाळ्यात बँड लोलापलूझासारख्या पर्यायी रॉकच्या महोत्सवात मुख्य आकर्षण म्हणून गेला. संगीतात ब्लूज आणि कंट्रीचे रंग आले. अल्बम जवळजवळ एकोणऐंशी मिनिटांचा, म्हणजे त्या वेळच्या सीडीत मावेल तितका. चाहत्यांनी सर्वांत जास्त दंगा केसांवरून केला. तो कितीही हास्यास्पद वाटला तरी हसण्यावारी नेऊ नका.

कान जे टिपतो त्याला सामान्य श्रोत्याकडे शब्द नसतात. 'लोड'च्या आधीच्या अल्बममध्ये ऱ्हिदम गिटार, म्हणजे गाण्याला तालाचा आधार देणारी गिटार, सगळी एकटा हेटफील्ड रेकॉर्ड करत असे. डावीकडची त्याचीच, उजवीकडचीही त्याचीच, आणि गरज पडली तर मध्ये तिसरी. उजव्या हाताचा प्रत्येक फटका खालच्याच दिशेने मारण्याची त्याची सवय, आणि तोच फटका दोन-तीनदा एकावर एक बसवलेला, यातून ती सुप्रसिद्ध भिंत उभी राहत होती. एकच गवंडी असला की सांधा दिसत नाही. 'लोड'मध्ये हॅमेटही ऱ्हिदम वाजवू लागला. आता डाव्या आणि उजव्या स्पीकरमध्ये दोन वेगळी माणसे आली. एकाचा फटका किंचित आधी, दुसऱ्याचा किंचित नंतर. एकाची पकड घट्ट, दुसऱ्याची सैल. ब्लूजच्या अंगाने जाणाऱ्या संगीताला हे फार शोभते आणि मला स्वतःला ते ऐकायला आवडते. पण दहा-बारा वर्षे भिंतीला पाठ टेकून बसलेल्या श्रोत्याला अचानक मागे जाळीचा पडदा लागतो. भर म्हणून सगळे ट्यूनिंग अर्धा स्वर खाली गेले होते. काहीतरी निसटले आहे हे त्याला जाणवते, काय ते सांगता येत नाही, मग डोळ्यांना दिसणारी गोष्ट तो पुराव्यादाखल पुढे करतो. ती गोष्ट म्हणजे केस. हा माझा तर्क आहे, पण इथल्या बँडबाबत तो मी अनेकदा पडताळून पाहिला आहे.

एक प्रसंग सांगतो. एका पुणेरी बँडने, नाव घेत नाही, इंग्रजी थ्रॅश सोडून मराठी शब्दांची मध्यम लयीची गाणी सुरू केली आणि दोन कार्यक्रमांत 'मराठीत आल्यापासून तुमचा जोश गेला' असे ऐकून घेतले. दोष भाषेवर आला होता. तिसऱ्या कार्यक्रमाच्या साउंडचेकला मी जुने आणि नवे गाणे पाठोपाठ वाजवायला लावले आणि मिक्सरचे मीटर पाहिले. नव्या गाण्यात गिटारवादक डिस्टॉर्शनचे पेडल बंद करून स्वच्छ आवाजावर येत होता आणि त्याची पातळी पाच-सहा डेसिबलने कोसळत होती. गायक मात्र तेवढ्याच जोरात गात होता. बारा फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला वाटणार की बँड मागे सरकला. पेडलवरची स्वच्छ आवाजाची पातळी वाढवली, किक ड्रमला थोडा तळ दिला. त्या रात्री भाषेचा विषय कोणी काढला नाही.

आता दुसरा ढीग. २००३ चा 'सेंट अँगर' हा मेटॅलिकाचा सर्वांत बदनाम अल्बम असेल. त्याआधीचे दिवस वाईट होते. २००० मध्ये नॅप्स्टर या इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घेण्याच्या सेवेवर दावा लावून बँडने तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची यादी कंपनीकडे सोपवली होती आणि आपल्याच चाहत्यांशी वैर घेतले होते. जानेवारी २००१ मध्ये बासवादक जेसन न्यूस्टेड बाहेर पडला. त्याच वर्षी हेटफील्ड व्यसनमुक्ती उपचारांसाठी गेला. अल्बमवर बास वाजवली ती खुद्द बॉब रॉकने. गिटार सोलो एकही नाही, तारा 'ड्रॉप सी' या खूप खालच्या ट्यूनिंगपर्यंत उतरवलेल्या. पण ज्या गोष्टीवरून आजही विनोद होतात ती स्नेअर आहे. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला ज्या तारा चिकटलेल्या असतात त्या सैल सोडल्या की ड्रमचा 'छट्ट' असा आवाज जाऊन पत्र्याच्या डब्यासारखा 'टंग' येतो. उलरिकने त्या सोडून दिलेल्या होत्या, तो आवाज त्याला आवडला आणि पंचाहत्तर मिनिटे तोच राहिला. तो टंग गिटारीच्या मधल्या पट्ट्यात येऊन बसतो आणि प्रत्येक रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीवर, टिचकी मारत राहतो. काही चाहत्यांनी रॉकला काढून टाका म्हणून सह्यांची मोहीम काढली. २०१५ मध्ये तर तीन चाहत्यांनी अख्खा अल्बम नेहमीच्या स्नेअरसह पुन्हा वाजवून रेकॉर्ड केला. नुसता राग आलेला माणूस इतके कष्ट घेत नाही. ज्याला गाणी आवडतात आणि मिक्स (वाद्यांच्या पातळ्यांची जुळणी) सोसवत नाही तोच घेतो. १९८८ च्या अल्बमचेही तसेच. त्यात न्यूस्टेडची बास जवळपास ऐकूच येत नाही, आणि चाहते इतक्या वर्षांनंतरही ती वर आणलेले घरगुती मिक्स तयार करतात. त्या अल्बमची गाणी सर्वांनी केव्हाच डोक्यावर घेतली. बासची तक्रार एक इंचही हललेली नाही. २०१८ मध्ये नवे मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, करून तो पुन्हा काढला तेव्हाही बँडने ती बास तशीच ठेवली.

चाहत्यांना फक्त जुने हवे असते, असे समजणाऱ्यांनी २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' आठवावा. निर्माता म्हणून रॉक गेला, रिक रुबिन आला. लांब गाणी परतली, सोलो परतले, वेग परतला, ट्यूनिंग बहुतेक ठिकाणी मूळ 'ई'वर आले. मागितले ते सगळे दिले, तरी हजारो लोकांनी सह्या करून मागणी केली की हा अल्बम पुन्हा मिक्स करा. कारण तो इतका मोठ्या पातळीवर दाबून बसवला होता की ड्रमचे फटके चिरकत होते. त्याच सुमारास 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी आली होती आणि त्यातली प्रत कमी दाबलेली होती. चाहत्यांनी दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले: एकात डोंगर-दऱ्या, दुसऱ्यात कात्रीने छाटलेले मेंदीचे कुंपण. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननेही एका चाहत्याला उत्तर देताना सांगितले की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच ते तसे दाबलेले होते. 'हे लोक कधीच खूश होत नाहीत' असे म्हणणे सोपे होते, पण इथे चाहत्यांचा कान शब्दशः खरा होता.

हे मेटलपुरतेच नाही. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार घेतली आणि लोकांनी हुर्यो उडवली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती विजेच्या गिटारीची होती, वाईट ध्वनियंत्रणेची होती की अवघी तीन गाणी वाजवून आत गेल्याची होती, यावर अजून वाद चालतो. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगरने पुढे सांगितले की आपला संताप आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, याचा होता. पुढच्या वर्षी मँचेस्टरला प्रेक्षकांतून 'जुडास' (येशूचा घात करणारा शिष्य) अशी आरोळी आली, तिथे मात्र भाषा पूर्णपणे धर्मद्रोहाची झाली होती. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने २००० मध्ये गिटार बाजूला सारून संगणकी ध्वनींचा अल्बम काढला, त्याआधी एकही सिंगल काढले नाही, आणि गोंधळलेल्या श्रोत्यांना वेळ दिला. बहुतेक जण काही वर्षांत वळले.

आता तुमच्याकडे वळतो. गाण्यांचा वेग उतरवला, कीबोर्ड आणला, यावरची नाराजी पहिल्या ढिगातली आहे. तिच्यावर खुलासे करू नका, माफी तर मुळीच मागू नका. हे लोक जुनी गाणी ज्या कामाला वापरत होते ती गाणी कुठे गेलेली नाहीत. कार्यक्रमात ती आधी वाजवा, श्रोत्यांचे अंग मोकळे होऊ द्या आणि नवी गाणी मधल्या टप्प्यावर, जोडीजोडीने, काही न बोलता सुरू करा. 'आता आमचे काहीतरी वेगळे ऐका' अशी प्रस्तावना केली की लोक वेगळेपण शोधायलाच बसतात. एखादी खूण मात्र कायम ठेवा, मग ती तुमच्या उजव्या हाताची पद्धत असो, गायकाचा उच्चार असो किंवा ड्रमरची ठरलेली लकब असो. सगळे एकदम बदलले की श्रोत्याला घर सापडत नाही.

त्याच वेळी दुसऱ्या ढिगाची चौकशी मनापासून करा. ज्यांनी 'विकले गेलात' म्हटले त्यांच्यापैकी तीन-चार जणांना कोणते गाणे, कितव्या मिनिटाला खटकले ते विचारा. उत्तरे वेगवेगळी आली तर ती आवडीनिवडीची बाब आहे, सोडून द्या. सगळ्यांनी एकच जागा दाखवली तर तिथे मिक्समध्ये काहीतरी बिघडले आहे असे धरून चाला. तुम्ही पाठवलेली दोन गाणी मी ऐकली. कीबोर्डचा पॅड (मागे लांबवलेला स्वर) आणि ऱ्हिदम गिटार दोन्ही दोनशे ते चारशे हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर बसले आहेत. त्यामुळे गिटार दबली आहे आणि कीबोर्डचा दोष नसताना आळ त्याच्यावर येणार आहे. पॅडमधून तो भाग कापा. स्वच्छ गिटारीच्या भागात पातळी पडते, ती चढवा. दुसऱ्या गाण्यातली बास मला लहान स्पीकरवर ऐकू आली नाही, आणि तुमचे निम्मे श्रोते फोनवरच ऐकणार आहेत.

जुन्या गाण्यांचे ट्यूनिंग खाली आणावे का, कारण गायकाला वरचे स्वर आता जड जातात, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. खुशाल आणा. मेटॅलिका नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून कार्यक्रमांत बहुतेक जुनी गाणी अर्धा स्वर खाली वाजवते, हेटफील्डच्या गळ्याला ते सोयीचे पडते, आणि केसांवरून रान उठवणाऱ्या चाहत्यांपैकी फारच थोड्यांनी कधी त्याबद्दल तक्रार केली आहे. वेग तोच ठेवा, तारा एक माप जाड लावा म्हणजे खाली उतरल्यावर त्या लुळ्या पडणार नाहीत, आणि पहिल्या तालमीला बासवाल्याला आठवण करा, कारण तो हमखास जुन्याच ट्यूनिंगवर येतो.